नवमीची सवलत

सुभेदार आनंदा रेडेकरांच्या घरी बंदूक ठेवायची पेटी आली तेव्हा देवकोंडीतली निम्मी माणसं ती बघायला आली, आणि उरलेली निम्मी येऊन गेलेल्यांकडून ऐकत बसली. दिसायला तशी ती काही विशेष नव्हती. पोलादी, उभी, माणसाच्या खांद्याएवढी उंच, आणि दारावर छातीच्या उंचीला तांब्याच्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्यांवर दोन्ही तळवे टेकवून उभं राहायचं. पाहिजे तो माणूस असेल आणि पाहिजे तसा असेल, तर हिरवा दिवा लागून आतला अडसर सरकायचा. नाहीतर तांबडा.

"पाहिजे तसा म्हंजे कसा?" शेजारच्या सदू पोवारानं विचारलं.

पेटी बसवायला आलेली इंजिनियर मुलगी पुण्याची होती, पण समजावून सांगण्याचा तिला कंटाळा नव्हता.

"काळजाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक बारीक लाट असते, काका. ती अंगभर पसरते. दवाखान्यात छातीला तारा लावून कागदावर रेघ काढतात ना, तीच ही पट्टी दोन तळव्यांमधून काढते. प्रत्येकाच्या काळजाची ठेवण वेगळी, म्हणून रेघ वेगळी. माणूस त्यावरून ओळखायचा. आता तो कसा आहे ते. शांत माणसाचं काळीज घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास घेताना ते जरा घाई करतं, सोडताना रेंगाळतं. राग आला, धास्ती बसली, दारू प्यायली, की हे मागंपुढं होणं बंद पडतं. ठोके अगदी एकसारखे पडायला लागतात. तो एकसारखेपणाच वाईट. पेटी पहिला महिनाभर सुभेदारांचं रोजचं काळीज शिकेल, आणि मग त्याच्याशी ताडून बघेल."

"आणि गवा शेतात घुसला, माणूस पळत आला तर?"

"पेटी थांबायला सांगेल. दमलेलं काळीज दोन मिनिटांत ताळ्यावर येतं. चिडलेलं येत नाही."

"म्हंजे हिला खोटंबी कळतंय म्हण की."

"नाही हो. खरं-खोटं तिला काही कळत नाही. आत गाठ बसलीय की सैल आहे, एवढंच कळतं."

आजरा तालुक्यात शेतराखणीच्या परवान्याच्या बंदुका वाडीवाडीला आहेत, आणि आजवर त्या दाराआड खुंटीवर लटकत आल्या. निवडणूक लागली की तेवढ्या ठाण्यात जमा करायच्या, मतमोजणी झाली की परत आणायच्या. लोकशाहीला धोका असला तर बंदूक ठाण्यात आणि घरच्यांना असला तर खुंटीवर, असा तो हिशेब होता. तो मोडायला सरकारनं कायदा करायचं मनावर घेतलं. घरात बंदूक असेल तर ती अशा पेटीतच पाहिजे. आणि घरातलं दुसरं एक जाणतं माणूस साक्षीदार पाहिजे, ज्याच्या फोनवर पेटीचा प्रत्येक नकार जाईल, आणि घरात धोका असला तर तिथूनच ठाण्याला कळेल. आधी एका तालुक्यात वर्षभर करून बघायचं, मग राज्यभर. तालुका आजरा निघाला.

लोक खवळले. तहसीलच्या बैठकीत खुर्च्या सरकल्या, आवाज चढले. तेव्हा सुभेदार उठले. पलटणीत त्यांची निम्मी नोकरी कोत सांभाळण्यात गेली होती. हत्यारं ठेवायच्या कुलूपबंद खोलीला फौजेत कोत म्हणतात, आणि तिथून सहीशिवाय कर्नलसाहेबालासुद्धा रायफल मिळत नाही.

"बंदूक घरात आली की घराची कोत झाली," सुभेदार म्हणाले. "कोतीला कुलूप नको म्हणणारा एक तर अडाणी, न्हाईतर चोर."

टाळ्या पडल्या. तिथंच बसले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण टाळ्यांचा आवाज कानात असताना गप्प बसणं फार थोड्यांना जमतं. सुभेदारांनी हात वर केला आणि आणखी एक गोष्ट मांडली. खंडेनवमीला हत्याराची पूजा असते. नवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत जागचं हलवत नाहीत. तेवढी एक रात्र बंदूक देवाऱ्यापुढं राहायला कायद्यानं मुभा द्यावी. हे म्हटल्याबरोबर आधी खवळलेलेसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एका रात्रीच्या बदल्यात अख्खा तालुका राजी होत असेल, तर कोण नाही म्हणणार? मुभा मिळाली. लोक तिला 'रेडेकर सवलत' म्हणू लागले, आणि ते शब्द कानावर पडले की सुभेदार उगाचच घसा खाकरायचे.

साक्षीदार म्हणून त्यांनी सुनेचं, वृषालीचं नाव दिलं. ती गडहिंग्लजच्या पतसंस्थेत नोकरीला होती, रोज एसटीनं जाऊन-येऊन असायची. "मुलगा का नको?" असं विचारल्यावर सुभेदार हसले होते. "रणजितचं डोस्कं तापट. त्याला कशाला कामाला लावताय?" सगळे हसले. रणजितही हसला. वृषाली फोनवर अंगठा उमटवत होती. तिच्या मनगटावर एक निळसर वळ होता. सुभेदारांना तो दिसला आणि त्यांनी नजर पेटीकडे वळवली.

पहिली खंडेनवमी आली. सुभेदारांनी स्नान करून तळवे टेकवले. हिरवा दिवा लागला. बंदूक देवाऱ्यापुढं पाटावर ठेवली, नळीला झेंडूची माळ घातली. शेजारी कोयता, पहार, खुरपी, रणजितच्या काजू कारखान्यातली कात्री. आणि ताम्हणात दोन काडतुसं, हळदकुंकू लावून. हत्यार आणि दारूगोळा एका जागी ठेवायचा नाही, हे कोतीतल्या माणसाला झोपेतसुद्धा पाठ असतं. पण वडील तसं पुजायचे, म्हणून सुभेदारही पुजायचे. घरात आलं की फौजेतलं शहाणपण ते चपलांबरोबर दाराशी काढून ठेवत.

दिवेलागणीला सुभेदार सोप्यात बसले होते. आतून वृषालीचा आवाज आला, सावकाश, ठरवून बोलल्यासारखा. तिला बढती मिळाली होती. एक तारखेपासून ती गडहिंग्लजला खोली घेऊन राहणार होती. एकटी.

रणजितनं दुपारपासूनच सणाची म्हणून घेतली होती. भांडं आपटल्याचा आवाज आला. मग काही वेळ काहीच नाही, आणि त्या शांततेनं सुभेदार उठून उभे राहिले. ते आत गेले तेव्हा रणजितच्या हातात बंदूक होती. माळ अजून नळीवरच लोंबत होती. वृषाली भिंतीला टेकली होती. रणजितच्या बोटांना काडतुसांची हळद लागली होती. पुढं कितीतरी दिवस सुभेदारांना आधी ती बोटं आठवत आणि मग बाकीचं.

त्यांनी नळीवर खालून हात मारला. बार वर गेला. माजघराचं कौल फुटून खापऱ्या आणि झेंडूच्या पाकळ्या तिघांच्या अंगावर पडल्या. बाहेर देवीच्या मांडवापुढं पोरं फटाके लावत होती. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

सुभेदारांनी बंदूक हिसकली, नळी उघडून दुसरं काडतूस काढलं, आणि सगळं सकाळपासून उघड्याच राहिलेल्या पेटीत कोंबून दार लोटलं. बंद व्हायला पेटी कुणाचे हात मागत नव्हती. लगेच वृषालीचा फोन वाजला. पडद्यावर प्रश्न होता: शस्त्र मुदतीआधी परत आले. घर सुरक्षित आहे का? खाली दोन चौकोन. हो. नाही.

तिचा अंगठा 'नाही'कडे चालला होता. सुभेदारांनी तिचं मनगट धरलं.

"पोरी, थांब. सारा तालुका माझ्याकडं बघतोय. उद्या पेपरात येईल, रेडेकर सवलत रेडेकरांच्याच घरात फुटली म्हणून. मी बघतो त्याच्याकडं. माझा शब्द हाय."

"मामा, त्यांनी गोळी झाडलीय."

"घरातलं घरात मिटवू."

तिनं हात सोडवून बघितला. सुभेदारांचा हात जुना, फौजी होता. तो सैल पडला नाही. मग तिनं 'हो' दाबलं. सुभेदारांनी हात सोडला तेव्हा मनगटावर बोटं उमटली होती, नेमकी पहिला वळ होता त्याच जागी.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेसाठी त्यांनी पट्ट्यांवर तळवे ठेवले. तांबडा दिवा. दोन मिनिटं थांबले, दीर्घ श्वास घेतले, पुन्हा ठेवले. तांबडा. शेवटी बंद पेटीवरच अक्षता टाकल्या आणि कौल बदलायला शिडी लावली. सदूनं विचारलं तर म्हणाले, माकडांनी फोडलं. सदूला ते पटलं, कारण माकडांचा त्रास होताच, आणि सुभेदार खोटं बोलतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

हिवाळ्यात गवे शाळवात उतरले. सुभेदार पेटीपुढं जाऊन उभे राहिले, तांबड्या दिव्याकडे बघून परत फिरले, आणि पत्र्याचा डबा बडवत बांधावर गेले. असं चार-पाचदा झालं. निम्मा शाळू गव्यांनी तुडवला. गावात बोलवा झाली की सुभेदारांना आताशा मुक्या जनावरावर बंदूक उगारवत नाही. देवळात कीर्तनकारबुवांनी त्यांचं उदाहरण दिलं. सुभेदार खांबाआड बसून ऐकत होते. त्यांना उठूनही जाता येईना.

प्रत्येक नकार वृषालीच्या फोनवर जात होता. धारक अस्वस्थ. घर सुरक्षित आहे का? ती स्वयंपाकघरातून, एसटीतून, पतसंस्थेच्या टेबलावरून 'हो' दाबत होती. घरी आल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. एकदा फक्त चहाचा कप ठेवताना म्हणाली, "मामा, आज पण?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. तिनं खोली घेतली नव्हती. बढती नाकारली होती. सुभेदारांनी कारण विचारलं नाही, कारण ते त्यांना ठाऊक होतं. तिला एकटं राहू देणं रणजितला मान्य नव्हतं, आणि ते मान्य करायला लावणं सुभेदारांना जमलं नव्हतं. दिलेला शब्द पाळायला ते दोनदा रणजितपुढं बसले होते. पहिल्यांदा तो रडला. दुसऱ्यांदा म्हणाला, "तुमचं नाव राखलंय न्हवं आम्ही? मग झालं की."

वर्ष संपत आलं तशी मुंबईहून समिती आली. आजऱ्याच्या सभागृहात सुनावणी होती. पेट्यांचा कायदा राज्यभर सक्तीचा करावा का, आणि नवमीची सवलत त्यात ठेवावी का? समितीतल्याच एका डॉक्टरबाईंनी सवलतीला विरोध केला. बारा महिने दार बंद ठेवून एक रात्र उघडं टाकायचं हे कसलं कुलूप, असं त्या म्हणाल्या. लोक कुजबुजले. अध्यक्षांनी मग सुभेदारांनाच बोलावलं.

"तुमच्या घरची नोंद स्वच्छ आहे, सुभेदारसाहेब. साक्षीदाराचं प्रत्येक उत्तर 'हो'. तुमचा अनुभव सांगा."

सुभेदार माइकपुढं उभे राहिले. पेटीबद्दल ते खरं बोलले. पेटी प्रत्येक घरात पाहिजे असं ठणकावून सांगितलं. मग सवलतीची पाळी आली. समोर सगळा तालुका बसला होता. कुणीतरी त्यांच्यासाठी हारही आणून ठेवला होता, तो खुर्चीवरून डोकावत होता.

"माझ्या घरी सवलतीनं काही बिघडलेलं न्हाई," ते म्हणाले. "देवापुढं ठेवलेलं हत्यार कुणी उचलत न्हाई."

दोनच वाक्यं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला आणि कागद आवरले. पावसाळ्यात कायदा राज्याला लागू झाला, सवलतीसकट.

सुनावणीच्या दिवशीच ते भाषण सगळ्यांच्या फोनवर फिरलं होतं. सुभेदार त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा वृषाली ओट्याशी उभी होती आणि फोनमधून त्यांचाच आवाज येत होता. तिनं तो बंद केला, आणि त्यांना जेवायला वाढलं. त्या दिवसापासून सुभेदार ताटात बघूनच जेवू लागले.

भाद्रपद सरला. रणजितचं पिणं पुन्हा पहिल्यासारखं झालं. भाजीत मीठ कमी पडलं, एसटी उशिरा आली, फोन लागला नाही, अशी काहीही निमित्तं. ओरडून झालं की तो देवाऱ्याकडे बघायचा आणि हसत म्हणायचा, "नवमी येतीय म्हटलं." बस, एवढंच. घरातल्या घरात करायची एक थट्टा. वृषालीच्या हातातलं काम मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. सुभेदारांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपल्याला नीट ऐकू आलं नाही अशी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा समजूत घालायला जागा उरली नाही. ते सोप्यात जाऊन बसले. आपण पोराला घाबरतो की गावाला, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर आलं ते गावाचं, आणि त्याचीच त्यांना जास्त शरम वाटली.

नवमीला घर माणसांनी भरलं. सवलत ज्यांच्या नावाची, त्यांच्या घरची पूजा बघायला आजऱ्याहून एक वार्ताहरही आला होता. रणजितनं सकाळीच पाट मांडला, माळ आणून ठेवली आणि ताम्हण घासून लख्ख केलं. वृषाली माजघराच्या दारात उभी होती, बदललेल्या कौलाच्या बरोबर खाली. नवं कौल अजून लालभडक होतं.

सुभेदारांनी तळवे टेकवले. तांबडा.

"थांबा जरा, गर्दीनं हुतंय," सदू म्हणाला. लोक मागं सरकले. पुन्हा तांबडा.

"बाबा, निवांत घ्या की," रणजित हसून म्हणाला. "तुमाला कुणाचं भ्या हाय?"

तिसऱ्यांदा तांबडा लागला आणि वृषालीचा फोन वाजला. भरल्या घरात तो सगळ्यांनी ऐकला. ती पडद्याकडे बघत राहिली. काय लिहिलं आहे हे सुभेदारांना वाचायची गरज नव्हती. वर्षभर ते त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

त्यांनी पट्ट्यांवरचे हात काढले.

"वृषाली," ते म्हणाले, "खरं काय ते दाब. या वेळेला मी हात धरत न्हाई."

कुणाला काही कळेना. तेव्हा सुभेदारांनी वर बोट केलं. "सदू, ते कौल माकडानं फोडलेलं न्हाई. गेल्या नवमीला रणजितनं हिच्यावर बंदूक धरली. याच पाटावरची. बार वर गेला म्हणून पोरगी वाचली. ती तवाच 'नाही' दाबत हुती. मी तिचं मनगट धरून 'हो' दाबायला लावलं, माझ्या नावासाठी. आणि समितीपुढं मी खोटं बोललो."

बोलताना ते लोकांकडे बघत नव्हते, बघवतच नव्हतं. वार्ताहरानं फोन वर धरला होता, तो हळूच खाली घेतला. सदूनं आपली टोपी काढली आणि पुन्हा घातली. रणजित "बाबा, काय बोलताय" म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. तो मागच्या दारानं निघाला तेव्हा सदू आणि दुसरे दोघं उठून त्याच्या वाटेत उभे राहिले.

वृषालीनं 'नाही' दाबलं. मग ती आत जाऊन पिशवी भरू लागली.

दुपारी आजरा ठाण्याची जीप आली, मागोमाग आणखी एक गाडी. हवालदार शबाना मुल्लाणींनी आधी वृषालीशी आत बसून बोलून घेतलं, मग रणजितला दुसऱ्या गाडीत बसवून पुढं पाठवलं. मग पेटीपाशी आल्या.

"बंदूक जप्त करावी लागंल, सुभेदार. पेटी उघडत नसली तर सांगा. कंपनीचा माणूस बोलावते."

"बघतो," सुभेदार म्हणाले. त्यांना काही आशा नव्हती. तळवे टेकवले.

हिरवा दिवा लागला. अडसर सरकल्याचा तो बारीक आवाज त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता. आता ऐकून हायसं वाटायला हवं होतं. त्यांना वाटली ती लाज. एवढं सोपं होतं. चार वाक्यं बोलायला लागली असती, गेल्या नवमीलाच, तिच्या हातातला फोन वाजला तेव्हा.

बंदूक बाहेर काढताना त्यांना दुसरंच आठवलं. आजची नवमी एकट्या देवकोंडीत नव्हती. राज्यात जिथं जिथं परवान्याची बंदूक होती तिथं तिथं आज पेट्या उघडल्या होत्या, पाट मांडले होते, कुणी ताम्हणात काडतुसंही ठेवली असतील. दिवेलागण व्हायची होती. त्या प्रत्येक घरात एखादा तापट माणूस नसेल. पण काही घरांत असेलच, आणि तिथली बंदूक उघडी पडली होती ती त्यांच्या दोन वाक्यांवर.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या समितीतल्या डॉक्टरबाईंचा फोन लागंल का तुमाला?"

"आज सणाचा दिवस हाय."

"म्हणून तर आजच पाहिजे. आणि मला पण जीपमधी घ्या. जबाब माझा बी घ्यावा लागंल."

मुल्लाणींनी मान हलवली. बंदूक पोत्यात गुंडाळून मागं ठेवली.

वृषाली आधीच जीपमध्ये बसली होती. जबाब झाला की ती तशीच गडहिंग्लजला जाणार होती. सुभेदार चढले तेव्हा तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, माफीही नव्हती. पिशवी दोघांच्या मध्ये होती. तिनं ती उचलून मांडीवर घेतली नाही, आणि सुभेदारांनीही सरकव म्हटलं नाही. उरलेल्या जागेत अंग चोरून ते बसले, आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून आजऱ्यापर्यंत त्यांच्याकडेच बघत राहिले.